तारिणीचा डावा हात

१

काचेच्या कपाटाला कुलूप होतं, किल्ली नेहमीच्या खिळ्याला होती, आणि तारिणी जागेवर नव्हती.

गुरुशांत अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातून सकाळपाळी करून आला, तो केसांत कापसाचं तूस तसंच घेऊन कपाटापुढं उभा राहिला. एरवी घरात शिरला की तो आधी कपाटाला विचारायचा, "काय मंडळी, बरं हाय का?" आणि मग पाणी मागायचा. आज दोन्ही नाही. राजेश्वरी भिंतीला टेकून चिन्नीला वरणभात भरवत होती. घास पोरीच्या तोंडापाशी धरून तिनं दिराकडं बघितलं.

"वैनी, तारिणी कुटं गेली?"

"कुठली? तुझ्या दोन आहेत ना."

"दोनी न्हाईत."

'मेघगड' नावाचा एक सिनेमा काही वर्षांमागं येऊन गेला होता. ढगांवर उभा असलेला किल्ला, त्याच्याभोवती घिरट्या घालणारे गगनपक्षी, त्यांची पिल्लं पळवणारा काळा सरदार रक्ताक्ष, आणि पिल्लांची राखण करणारी तारिणी. सिनेमातल्या पात्रांच्या वीतभर उंचीच्या फिगर बाजारात आल्या आणि गुरुशांतचं डोकं फिरलं. हॉलमधल्या ज्या कपाटात त्याच्या आईचे फराळाचे डबे होते, तिथं मेघगड वसला. प्रत्येक फिगरवर तो मोबाइलवर व्हिडिओ करायचा. हिचा रंग बसलाय, ह्याचा चेहरा फसलाय, असं ठणकावून मत द्यायचा. ऐकणारेही होते बरेच.

राजेश्वरीनं घास भरवला, हात पदराला पुसला आणि पोरीला कडेवर घेऊन कपाटाशी आली. रहस्यकथांचं तिला लहानपणापासून वेड. लग्नात रुखवतावर लाडू-चकल्यांच्या शेजारी तिनं रहस्यकथांची चळत मांडली होती, त्यावरून सासरी अजून चेष्टा चालायची. आता मात्र कुणी हसलं नाही.

सगळ्यांत मोठा, सोनेरी पंखांचा गगनपक्षी जागच्या जागी होता. कुणाचीही नजर आधी त्याच्यावरच जावी असा. त्याला कुणी हात लावला नव्हता. काचफळ्या पुसून लख्ख झाल्या होत्या. अव्वानं, म्हणजे गुरुशांतच्या आईनं, कालच पाहुण्यांसाठी घर झाडून पुसून काढलं होतं. काल गुरुशांत जादा पाळी करून उशिरा आला, तो अंधारातच झोपला होता.

"हे बघा," गुरुशांत म्हणाला. "रक्ताक्षाला पिल्लाच्या शेजारी उभं केलंय. पोरखेळ झाला की. हा त्याला गिळायला टपलेला असतो."

"म्हणजे ज्यानं मांडलं त्यानं सिनेमा बघितलेला नाही."

"अन् खोका बघा." कपाटाच्या डोक्यावर तारिणीचा निळा खोका होता. रिकामा. "आमच्यासारखा फिगरवेडा चोर असता तर खोका आधी नेला असता."

त्याचा आवाज बारीक झाला होता. राजेश्वरीला वाटलं, खेळण्यासाठी इतका जीव का काढावा माणसानं. ते ओळखल्यासारखा तो खाली बसला.

"वैनी, त्यातली एक माझी न्हाय. जिची हाय, ती रविवारी न्यायला येणाराय."

२

रुद्राणीबद्दल घरात एवढंच माहीत होतं की पोरगी अक्कलकोटची, शाळेत भूगोल शिकवते, गुरुशांतशी ओळख मोबाइलवर झाली, आणि रविवारी आईवडिलांना घेऊन येणार आहे. मुलीकडचे मुलीला घेऊन मुलाच्या घरी येतात हे अव्वाला जरा उलटंच वाटलं होतं. पण "माझी एक वस्तू तुमच्याकडं हाय, ती मीच येऊन नेणार" असा पोरीचा हट्ट होता.

ती वस्तू म्हणजे दुसरी तारिणी.

"नेहमीची तारिणी दोन्ही हात वर करून तलवार धरते," गुरुशांत सांगू लागला. "ती माझी. दुसरी सिनेमाच्या शेवटातली. पिल्लू वाचवताना तिचा डावा हात जातो ना, त्याच्यानंतरची. कोपराखाली हातच न्हाय, चिलखत चिरफाळलेलं, अन् उजव्या हातात पिल्लू. थोड्याच काढल्या होत्या त्या. मी व्हिडिओत म्हटलं, ही फिगर फसलीय. योद्धीला अशी उणी करून विकणं म्हणजे कंपनीनं घाण केलीय."

"मग?"

"मग खाली एकीनं लिवलं, तुमी फक्त नसलेला हात बघितला. बाकी सगळ्या तारिण्या आपल्याकडं बघत्यात, आपण वा म्हणावं म्हणून. ही एकटीच पिल्लाकडं बघती. तिला तुमचं वा नकोय." तो कपाटाच्या मोकळ्या जागेकडं बघत होता. "आमचं आठवडाभर भांडण झालं. शेवटी तिनं ती पार्सलच केली. म्हटली, घरात ठेवा, रोज बघा, मग मत द्या."

"आणि मत बदललं?"

"मत बदललं, अन् मग मी अक्कलकोटला जाऊन तिला भेटलो." त्यानं नजर कपाटावरून काढली. "वैनी, रुद्राणीला डावा हात मनगटापासून न्हाय. जन्मापासून."

चिन्नीनं तेवढ्यात राजेश्वरीचं मंगळसूत्र तोंडात घातलं. ते सोडवता सोडवता राजेश्वरीला उत्तर शोधायला वेळ मिळाला.

"अव्वाला माहीत आहे?"

"न्हाय. रुद्राणीनं बजावलंय, मी यायच्या आधी सांग, मी पदराखाली हात लपवून बसणार न्हाय. मी ठरवलं होतं, आज-उद्या अव्वाला तारिणी दाखवायची, गोष्ट सांगायची, अन् त्यातनंच हळूच सांगायचं. तवर तिला मागच्या रांगेत भिंतीकडं डावी बाजू करून ठेवली होती. अव्वाचं तुमाला माहिताय की."

माहीत होतं. कान उडालेला कप, तडा गेलेला देव्हारा, टवका गेलेलं ताट, अव्वा घरात क्षणभर ठेवायची नाही. मोडकं घरात ठेवलं की घर मोडतं म्हणायची. आणि देवाची भंगलेली तसबीर तर कधी पिंपळाखाली, कधी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी.

"अव्वानंच टाकली असणार," गुरुशांत म्हणाला. "मोडकी म्हणून. बाहुली जिला घरात खपली न्हाय, तिला..."



३

राजेश्वरीनं त्याला एवढंच म्हटलं, "लगेच अव्वाला बोलू नकोस. आधी शरणबसवला बोलव."

शरणबसव म्हणजे गुरुशांतचा जिगरी दोस्त, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा आणि मेघगडचा तितकाच खुळा. एकहाती तारिणीवर त्याचा डोळा होता हे त्यानं कधी लपवलं नव्हतं. काल दुपारी, गुरुशांत कामावर आणि राजेश्वरी चिन्नीला घेऊन दवाखान्यात असताना, तो घरी येऊन गेला होता.

तो आला, खुर्चीत ऐसपैस बसला, आणि आपल्यावर संशय आहे हे कळल्यावर आधी खूश झाला.

"वैनी, मी चोर? बरं वाटलं. दुकानात तर मला सगळे नुसता बिनकामाचा म्हणत्यात."

"काल कशाला आला होतास?"

"चार्जर द्यायला. अव्वांनी दिला घेऊन. मला आतसुद्धा घेतलं न्हाय बघा. एरवी चहा पाजल्याशिवाय सोडत्यात का? काल दारातच उभं केलं. मागं सगळ्या हॉलभर सतरंजी उलटीपालटी, सोफा भिंतीपासनं ओढलेला."

"सोफा ओढलेला?"

"व्हय की. मी म्हटलं, अव्वा, मी सरकवू का? तर म्हटल्या, तू जा, इथं पाय ठेवू नको, पायाखाली येईल काहीतरी."

गुरुशांत चिडून म्हणाला, "ते राहू दे. तारिणी तू नेलीस का न्हाय?"

"अरे, खोक्यातनं काढलेली, त्यातनं तू महिनाभर हाताळलेली फिगर. उष्टं ताट ते. मला बंद खोक्यातली पाहिजे." मग तो जरा हळू आवाजात बोलला. "अन् ती तुझ्या होणाऱ्या बायकोची वस्तू हाय, गुरु. डोळा असतो रे माणसाचा. हात न्हाय घालत."

तो गेल्यावर राजेश्वरी स्वयंपाकघरात आली. चिन्नीच्या नाचणीचं पीठ चाळायचं होतं. बारीक चाळण खिळ्यावर नव्हती. शोधत शोधत ती गच्चीवर गेली, तर चाळण उन्हात पालथी घातलेली. साबणानं घासलेली, तरी जाळीच्या कडेला काळपट धुळीची रेघ राहिलेली आणि तिच्यात अडकलेली एक केसाची पिन.

पिठाच्या चाळणीत कुणी केसाच्या पिना चाळतं का?

४

अव्वा, म्हणजे सुंदरम्मा, संध्याकाळी परत आली. भाजी आणते म्हणून गेलेली, पिशवी मात्र रिकामी. कपाळावर भस्माचे पट्टे, चेहरा ओढलेला, आणि पदराच्या टोकाला पांढरा डाग.

"देवळात गेली होतीस वाटतं," गुरुशांत म्हणाला.

"व्हय."

"तळ्याकडं?"

सुंदरम्मानं पिशवी खुंटीला अडकवली. राजेश्वरीनं दिराला डोळ्यांनी दटावलं, पण दिवसभराचं त्याच्या गळ्यापर्यंत आलेलं होतं.

"अव्वा, खरं सांग. माझी बाहुली तू तळ्यात टाकलीस ना? मोडकी दिसली म्हणून?"

सुंदरम्माचा चेहरा असा झाला की राजेश्वरीनं तसा तो कधी बघितला नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. ती घाबरली होती. एवढी ठसठशीत बाई, पोराच्या पुढं, शाळेत पाटी फोडलेल्या पोरीसारखी.

"मोडकी दिसली," ती पुटपुटली. "तुलाबी माहीत झालं व्हय."

"म्हणजे टाकलीस."

"टाकली न्हाय रे बाबा."

"मग कुठाय?"

"सापडंल. रविवारच्या आत सापडंल. माझ्यावर सोड."

"सापडंल म्हणजे? तुला कसं माहीत?"

"साकू," सुंदरम्मा म्हणाली. कानडीत पुरे म्हटलं की त्या घरात पुरे असायचं. ती आत गेली आणि जेवायला बाहेर आलीच नाही. राजेश्वरी ताट घेऊन गेली तेव्हा देव्हाऱ्यापुढं बसली होती. सासूला ती माहेरच्या सवयीनं आत्या म्हणायची नाही, ह्या घरच्या रिवाजानं अत्ती म्हणायची.

"अत्ती, मला तरी सांगा."

"यवा, पोरी, तू लेकराला बघ." मग स्वतःशीच बोलावं तसं, "दुसऱ्याची वस्तू होती ती. गुरु फोनवर बोलताना ऐकलंय मी. दुसऱ्याच्या लेकीची."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदरम्मा पुन्हा भाजीला म्हणून बाहेर पडली. राजेश्वरीनं तिचं कालचं लुगडं धुवायला काढलं. पदराच्या टोकावर तिनं सवयीनं चापट मारली, भस्म उडून जावं म्हणून. उडालं नाही. डाग कडक झाला होता. नखानं खरवडला तर पोपडा निघाला, आणि पाण्याचा थेंब पडला तसा बोटांवर मऊ, गुळगुळीत चिखल झाला.

भस्माचा चिखल असा होत नाही. भस्म पाण्यात विरून जातं.

चिन्नी मांडीवर होती, दूध पिता पिता पेंगत होती. राजेश्वरी एका हातानं तिला थोपटत न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. लेकरू झाल्यापासून तिचा सगळा विचार असाच, लेकराच्या एका डुलकीत बसवायचा असे.

चोराला किंमत कळत असती तर त्यानं खोक्यासकट एकहाती तारिणी नेली असती. कळत नसती तर सोनेरी पक्षी नेला असता. दोन्ही तारिण्या कुणी न्याव्या? एक दुर्मीळ, एक साधी. दोघींत नजरेत भरणारा फरक हाताचा.

मोडकी म्हणून टाकायची असती तर मोडकी तेवढी गेली असती. चांगली कशाला?

आणि सोफा. सतरंजी. पायाखाली येईल काहीतरी. चाळणीतली धूळ आणि पिन. केराची धूळ चाळणारा माणूस काहीतरी बारीक शोधत असतो. अगदी बारीक. तारिणीची फिगर वीतभर, मग तिचा हात केवढा असेल? चिन्नीच्या करंगळीएवढा.

राजेश्वरीचा थोपटणारा हात थांबला.

सुंदरम्मानं ती बाहुली भिंतीकडून वळवून पुसायला घेतली असणार, तेव्हा पहिल्यांदा तिला तो चिरफाळलेला दंड दिसला. शेजारी तशीच दुसरी, धडधाकट. सिनेमा तिनं कधी बघितलेला नाही. तिला वाटलं, आत्ताच, आपल्याच हातून मोडली. मग तिनं सोफा ओढला, सतरंजी झाडली, केर पिठाच्या चाळणीतून चाळला. जो हात कधी नव्हताच, तो ती शोधत होती. सापडणार कुठून?

हात सापडला नाही तर सुंदरम्मा काय करेल? कप फेकेल, ताट फेकेल. पण दुसऱ्याच्या लेकीची वस्तू फेकणार नाही. नवीन हात बसवून आणेल. आणि नवीन हात कसा हवा, हे दाखवायला नमुना लागतोच. म्हणून दुसरी तारिणी.

सोलापुरात बाहुलीचे हात कोण बसवतं? श्रावण चालू होता. गौरीच्या सणाला लक्ष्म्या बसायच्या, त्यांचे मुखवटे आणि हातांचे जोड ठिकठिकाणी रंगत होते. ओल्या शाडूचा पांढरा चिखल वाळला की पदरावर असाच कडक बसतो.

तिनं चिन्नीला खांद्यावर टाकलं आणि रिक्षा थांबवली.

"कुंभार वेस," ती म्हणाली.

६

मूर्ती घडवणाऱ्या सिद्रामप्पाच्या पत्र्याच्या शेडमध्ये फळ्यांवर लक्ष्म्यांचे मुखवटे होते, डोळे न रंगवलेले. दोरीवर हातांचे जोड अडकवलेले, सगळ्यांचे तळवे बाहेर. त्या हातांच्या खाली, पाटावर, सुंदरम्मा बसली होती. मांडीवर धडधाकट तारिणी. एकहाती सिद्रामप्पाच्या पुढ्यात.

सुनेला बघून ती उठली नाही. फक्त सरकून तिला जागा केली.

"वळखलंस म्हणायचं."

"चाळणीत पिन राहिली होती, अत्ती."

"तरीच. डोळे गेले माझे." सुंदरम्मानं मांडीवरची बाहुली पदरानं पुसली. "माझ्या हातनं मोडली गं. पाहुण्यांनी घरात पाय ठेवायच्या आत त्या पोरीची वस्तू मी मोडली. काय म्हणंल ती? सासू अशी धांदरट. गुरुला सांगायला तोंड न्हवतं मला. म्हटलं, बसवून ठेवते, कुणाला कळायच्या आत."

"अत्ती, मोडली नाही तुम्ही. तिला हात नव्हताच."

सुंदरम्मानं सुनेकडं असं बघितलं, जसं लहान पोरगं खोटं सांगून आपली समजूत काढतंय.

मग राजेश्वरीनं तिला मेघगड सांगितला. चिन्नीला खाली सोडून, मातीच्या लक्ष्म्यांमध्ये बसून, जितका येत होता तितका. तारिणी पिल्लांची राखण करते, रक्ताक्ष शेवटचं पिल्लू उचलतो, त्याच्या पिंजऱ्याचं दार वरून खाली येतं आणि ते अडवायला तिच्याजवळ तलवार नसते, नुसता हात असतो. पिल्लू बाहेर येतं. हात राहतो. ही बाहुली त्याच्यानंतरची.

सिद्रामप्पानंही ब्रश खाली ठेवला होता.

"मग ती पोरगी हीच बाहुली कशाला धाडती?" सुंदरम्मानं विचारलं. "चांगली सोडून?"

हे सांगायचं काम गुरुशांतचं होतं. पण न सांगितल्यानंच दोन दिवस घरात सगळे एकमेकांपासून तोंड लपवत होते. आणि सुंदरम्मा काही खुळी नव्हती. तिनं सिद्रामप्पापुढच्या बाहुलीकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, पुन्हा बाहुलीकडं.

"कुठला?"

"डावाच. मनगटापासून. जन्मापासून तसाच."

चिन्नी रांगत जाऊन सुंदरम्माच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, तरी तिनं पोरीला उचललं नाही. मग सिद्रामप्पाला म्हणाली, "दाव हिला."

त्यानं बाहुली वळवली. हात बसवून झाला होता. पण हा तारिणीचा हात नव्हता. नमुन्यातली तलवारीची मूठ कुठंच नव्हती. गोरापान, गुबगुबीत, बोटं वर करून आशीर्वाद देणारा, मनगटात हिरव्या बांगड्या रंगवलेला लक्ष्मीचा हात, त्या रक्तानं माखलेल्या चिलखतातून बाहेर आला होता.

"माझ्या बोटांना तसलाच येतो," सिद्रामप्पा ओशाळून म्हणाला. "आक्काच म्हटल्या, तलवार नको."

"घरात रांगतं लेकरू हाय," सुंदरम्मा म्हणाली.

राजेश्वरीला हसू आलं आणि तेवढ्यात डोळेही भरले. "गोंदानं चिकटवलाय ना? निघेल?"

"निघंल की. भिजवला की सुटंल."

दोघी सुंदरम्माकडं बघत होत्या, राजेश्वरी आणि मांडीवरची धडधाकट तारिणी. सुंदरम्मानं हात बसवलेली बाहुली उचलली, रुमालात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

"असू दे तसाच. कुणी काढायचा न्हाय," ती म्हणाली. "अन् गुरुला काय बोलू नको. वाटेत बांगड्यांच्या दुकानात थांबायचंय मला."

रिक्षात ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. आणि राजेश्वरीला, चोर सापडूनही, आता पहिल्यापेक्षा जास्त धाकधूक वाटू लागली. हात तसाच ठेवायचा म्हणजे काय? ती पोरगी काय समजेल त्यातून?

७

रविवारी रुद्राणी आली ती मोरपंखी साडीत, दोन्ही हात उघडे. पाहुण्यांना पाणी दिलं तेव्हा तिनं तांब्या उजव्या हातात धरला, डाव्या मनगटानं खालून आधार दिला, आणि पाणी प्याली. तिच्या आईचं लक्ष सुंदरम्माच्या चेहऱ्यावर होतं. गुरुशांतचं लक्ष जमिनीवर होतं. अव्वाला आपण काही सांगू शकलो नाही, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं होतं.

कपाटात अजून मोकळी जागा होती. रुद्राणीनं ती बघितली.

"माझी तारिणी?"

"रुद्राणी, ते..." गुरुशांतनं सुरुवात केली.

"मी देते," सुंदरम्मा म्हणाली.

तिनं आतून ताट आणलं. हळदीकुंकू, पाण्याची वाटी, खण, नारळ, आणि मधोमध रुमालातली तारिणी. ती खाली, रुद्राणीच्या समोर बसली आणि रुमाल काढला.

लक्ष्मीचा हात बांगड्यांसकट वर झालेला.

"पोरी, ही तुझी," सुंदरम्मा म्हणाली. "मला वाटलं माझ्या हातनं मोडली. म्हणून बसवून आणला. काल कळलं, ती मोडलीच न्हवती. हात बसवणाऱ्यालाच तो काढायला लावता आला असता. पण लपवून काढला असता तर मी काय केलं हे तुला कळलं नसतं. मोडलेलं मला बघवत न्हाय, ही माझी खोड. धड कुठलं अन् मोडलेलं कुठलं, हे मला कळलं न्हाय, ही माझी चूक. आता तू सांग, ठेवायचा का काढायचा."

रुद्राणीनं तारिणी हातात घेतली. उलटीसुलटी करून बघितली. मग तिच्या ओठांचे कोपरे हलले.

"बांगड्या कशाला घातल्या तिला?"

"त्या सिद्रामप्पाला दुसरा हातच येत न्हाय," सुंदरम्मा कळवळून म्हणाली.

आधी रुद्राणी हसली, मग तिची आई, मग गुरुशांतसुद्धा, डोळे पुसत. हसू थांबलं तसं रुद्राणीनं ताटातल्या पाण्याच्या वाटीत तारिणीचा कोपर बुडवून धरला. हात हलला, सुटला, तिच्या तळव्यावर आला.

"हिला नको," ती म्हणाली. "तिचं चाललंय बरं. पण हा टाकायचा न्हाय. केर चाळून शोधलाय म्हणं तुमी. वैनींनी दारात सांगितलं मला."

तिनं तो मातीचा इवलासा हात सुंदरम्माच्या हातावर ठेवला.

सुंदरम्मानं तो देव्हाऱ्यात, लिंगापाशी नेऊन ठेवला. परत येताना तिच्या हातात बांगड्यांचा खोका होता. घरी आलेल्या लेकीला श्रावणात रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं. दोन्ही हातांच्या हिरव्या बांगड्या. राजेश्वरीनं कालपासून जे विचारायचं टाळलं होतं, ते आता सगळ्यांच्या मनात एकदम आलं. रुद्राणीच्या आईनं नजर खाली केली.

सुंदरम्मानं रुद्राणीचा उजवा हात मांडीवर ओढून घेतला. एकेक करून बांगड्या चढवू लागली. उजव्या हाताच्या चढवल्या. मग थांबली नाही. डाव्या हाताच्याही त्याच हातात चढवत गेली. कोपरापर्यंत हिरवागार झाला हात.

"एवढ्या?" रुद्राणी म्हणाली.

"तुझ्याच हायत सगळ्या. कुणाला द्यायच्या? जास्त वाजतील, एवढंच."

संध्याकाळी, पाहुणे निघायच्या आत, गुरुशांतनं नवा व्हिडिओ केला. एकहाती तारिणीला पुढच्या रांगेत, मधोमध उभं करून. रक्ताक्ष पिल्लापासून लांब, त्याच्या जागी. "ह्या फिगरवर आधी मी मत दिलं होतं, ते मागं घेतो," तो म्हणतो. "मी तिच्या हाताकडं बघत होतो. तुमी तिच्या डोळ्यांकडं बघा." मागून अव्वाचा आवाज येतो, "केस मात्र विंचरायला पायजे होते कंपनीनं," आणि चिन्नी कशावर तरी ओरडते.

रुद्राणी त्यात कुठं दिसत नाही. पण गुरुशांत बोलतो तेव्हा अधूनमधून त्याचे शब्द नीट ऐकू येत नाहीत, इतक्या बांगड्या वाजत असतात.